न्यूट्रॉन ताऱ्यावरचे एक्स-रे बर्स्ट घरी बसून कसे तपासायचे, आणि त्यातला वेगळा कसा ओळखायचा

बरेच जण विचारतात की मुंबईत राहून कसलं आकाश बघणार, चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने धुरकं, रात्री गच्चीवर गेलं तर वरती नुसता नारिंगी उजेड. मी म्हणतो एक्स-रे घ्या. एक्स-रे कुठल्याच गावात जमिनीपर्यंत पोचत नाहीत, वातावरण ते वरच्या वर शोषून घेतं, त्यामुळे लडाखला बसलेला माणूस आणि मुलुंडला वन बीएचकेत पंख्याखाली बसलेला माणूस इथे अगदी सारखेच, दोघांनाही उपग्रहाचा डेटाच उतरवावा लागतो आणि तो फुकट मिळतो. शिवाय भारताच्या खगोल उपग्रहावरची, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसॅटवरची लॅक्सपीसी आणि एसएक्सटी ही दोन्ही उपकरणं आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये घडलीत, म्हणजे हा विषय खरं तर मुंबईच्या घरचाच आहे.

हा लेख थर्मोन्यूक्लियर बर्स्टबद्दल, म्हणजे अणुज्वलनाने होणाऱ्या एक्स-रेच्या भडक्याबद्दल आहे, ज्याला टाइप-१ बर्स्ट म्हणतात. थोडी पार्श्वभूमी लागेल, ती नीट समजून घ्या कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. सूर्याच्या साधारण १.४ पट वस्तुमान आणि त्रिज्या फक्त १० ते १२ किलोमीटर, असा न्यूट्रॉन तारा एका छोट्या जोडीदार ताऱ्यासोबत फिरतोय आणि त्याच्याकडून वायू ओढून घेतोय. तो वायू, म्हणजे हायड्रोजन आणि हेलियम, पृष्ठभागावर पसरतो, काही मीटर जाडीचा थर होतो, खालचा भाग दाबला जातो, तापतो. आता गॅसवर ठेवलेलं दूध आठवा. वर साय धरलेली असते, बराच वेळ काहीच होत नाही, तुम्ही दोन सेकंद मान वळवता आणि दूध उतू जातं. इथेही तसंच होतं. तापमान जरा वाढलं की हेलियमचं ज्वलन कित्येक पटींनी वाढतं आणि थर तेवढ्या वेगाने थंड होऊ शकत नाही, तो इतका पातळ असतो की फुगला तरी वरचा दाब फारसा उतरत नाही, मग सगळा थर काही सेकंदांत पेटतो. तास-दोन तासांपासून काही दिवसांपर्यंत साठलेलं इंधन १० ते १०० सेकंदांत जळतं, आणि एकूण ऊर्जा साधारण १० चा ३९ वा घात अर्ग (ऊर्जेचं एकक). आच मंद किंवा मोठी केली की दुधाचं वागणं बदलतं, हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

१९७५ च्या सप्टेंबरात नेदरलँड्सच्या एएनएस उपग्रहाने ४यू १८२०-३० या स्रोतावर असे बर्स्ट पाहिले आणि १९७६ मध्ये ते प्रसिद्ध झाले, त्याच सुमारास अमेरिकेच्या वेला उपग्रहांच्या डेटातही सापडले. तेव्हापासून आजवर इतके साठलेत की मिनबार नावाच्या कॅटलॉगमध्येच ८५ स्रोतांचे ७०८३ बर्स्ट आहेत. म्हणजे नेहमीचा बर्स्ट कसा असतो हे आता नीट माहीत आहे. माझं सांगणं एवढंच की वेगळा बर्स्ट शोधायला निघण्याआधी नेहमीचे निदान १० बर्स्ट स्वतःच्या हाताने मोजा, नाहीतर सगळंच वेगळं वाटतं किंवा (हे जास्त वाईट) खरंच वेगळं असलेलं डोळ्यासमोरून निघून जातं.

पहिली पायरी: सामान जमवणं

१६ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. लिनक्स किंवा विंडोजमधलं डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) लावा, त्यावर नासाचं हीसॉफ्ट पॅकेज टाका, त्यातच एक्सस्पेक येतं जे स्पेक्ट्रमला, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती फोटॉन आले त्या आलेखाला, मॉडेल बसवायला लागेल. सोबत पायथॉन आणि टायमिंगसाठी स्टिंगरे लायब्ररी. लॅपटॉप जुना असेल तर साय-सर्व्हर नावाची फुकट ऑनलाइन सोय आहे, तिथे हीसॉफ्ट आधीच टाकलेलं मिळतं आणि डेटाही तिथेच असतो, ब्राउझरमध्ये काम होतं.

डेटा कुठला? तीन पर्याय सांगतो. आरएक्सटीई, नासाचा एक्स-रे उपग्रह, डिसेंबर १९९५ ते जानेवारी २०१२, नवख्यासाठी उत्तम, त्याचा स्टँडर्ड-१ डेटा सेकंदाच्या आठव्या भागाचा असतो आणि तयार लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार उजेडाचे आलेख, मिळतात. नायसर, नासाची एक्स-रे दुर्बीण, अंतराळ स्थानकावर जून २०१७ पासून, कमी ऊर्जेचे एक्स-रे फार छान पकडतो, फक्त सुरुवातीला मे २०२३ च्या आधीचा डेटा घ्या कारण तेव्हा त्याच्या उष्णतारोधक पडद्याला भोक पडून सूर्यप्रकाश आत येऊ लागला आणि दिवसाच्या भागात नॉइज वाढला. तिसरा आपला अ‍ॅस्ट्रोसॅट, २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला. लॅक्सपीसी ३ ते ८० केईव्ही (फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) बघतो आणि प्रत्येक फोटॉनची वेळ १० मायक्रोसेकंदांपर्यंत देतो. डेटा इस्रोच्या आयएसएसडीसी या डेटा केंद्राच्या साइटवर खातं काढून मिळतो, सॉफ्टवेअर टीआयएफआरचं आहे आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या सपोर्ट सेलकडेही मिळतं. लॅक्सपीसीत तीन डिटेक्टर होते, त्यातला ३० क्रमांकाचा मार्च २०१८ मध्ये बंद झाला आणि १० क्रमांकाचा त्याच महिन्यापासून भरवशाचा राहिला नाही, म्हणून नंतरच्या डेटात २० क्रमांकाचाच वापरा.

मी स्वतः आरएक्सटीईने सुरू केलं, मग लॅक्सपीसीकडे आलो, उलट केलं असतं तर बहुतेक आठवड्यात सोडून दिलं असतं.

दुसरी पायरी: स्रोत निवडणं

४यू १६३६-५३६ घ्या, डोळे मिटून. नावाचा अर्थ सोपा, उहुरू उपग्रहाच्या चौथ्या यादीतला स्रोत, १६ तास ३६ मिनिटं विषुवांश आणि उणे ५३ अंश क्रांती, म्हणजे त्याचा आकाशातला पत्ता. कक्षा ३.८ तासांची, न्यूट्रॉन तारा सेकंदाला ५८१ वेळा फिरतो, आणि बर्स्ट इतके नियमितपणे देतो की कुठलंही मोठं निरीक्षण उघडलं तर एखादा सापडण्याची शक्यता चांगली असते. दीर्घिकेच्या केंद्राजवळचे स्रोत सुरुवातीला नकोत, कारण लॅक्सपीसी किंवा आरएक्सटीईचं दृष्टिक्षेत्र साधारण एक अंशाचं असतं, चित्र येत नाही, नुसती फोटॉनची मोजणी येते, मग बर्स्ट तुमच्या स्रोताचा की शेजारच्याचा हेच कळत नाही.

तिसरी पायरी: लाइट कर्व्ह काढणं आणि नुसतं बघणं

आधी १ सेकंदाच्या बिनने, म्हणजे सेकंदा-सेकंदाचे फोटॉन एकत्र मोजून, काढा. १६ सेकंदांचा बिन अजिबात नको, बर्स्टची चढण एक-दोन सेकंदांतच उरकते, ती त्यात पूर्ण पुसली जाते. मग जिथे उंचवटा दिसेल तिथे ०.२५ सेकंदाने परत काढा.

इथे माझी एक चूक सांगतो कारण ती तुमच्याकडूनही होऊ शकते. मी डेटा साफ करायला एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती, सरासरीपासून पाच सिग्मापेक्षा (सिग्मा म्हणजे नेहमीच्या चढउताराचं माप) दूर गेलेला बिन काढून टाकायचा, नॉइज जाईल म्हणून. तीन रात्री एकही बर्स्ट नाही, मला वाटलं निरीक्षणच रिकामं आहे, चौथ्या रात्री शेवटची गाडी पकडून घरी आलो, जेवलो, आणि दीडच्या सुमारास नुसता कच्चा लाइट कर्व्ह उघडला तर मधोमध एक सुंदर बर्स्ट उभा. माझ्याच स्क्रिप्टने तो दर वेळी कचरा समजून कापला होता. तेव्हापासून कुठलंही फिल्टर लावण्याआधी कच्चा डेटा डोळ्यांनी बघतो. आणि तो आकार एकदा नीट बघून घ्या: आधी सपाट रेघ, जरा थरथरणारी, मग एकदम भिंतीसारखी चढण, टोकाला क्षणभर थांबल्यासारखं, आणि मग उतार, आधी भराभर आणि मग रेंगाळत, शेवटी जुन्या पातळीला अगदी टेकत टेकत येतो.

चौथी पायरी: हा खरंच बर्स्ट आहे का

चार गोष्टी तपासा. एक, एकापेक्षा जास्त डिटेक्टरमध्ये एकाच वेळी दिसतो का, एकाच डिटेक्टरमध्ये असेल तर तो उपकरणाचा झटका. दोन, एकाच बिनचा सुळका असेल तर विसरून जा. तीन, त्या वेळी उपग्रह दक्षिण अटलांटिकच्या कणांनी भरलेल्या भागाजवळ होता का, पृथ्वीच्या कडेला होता का, हे फिल्टर फाइलमध्ये दिसतं. चार, आणि हीच खरी कसोटी, उतारात तो थंड होतोय का. साधा मार्ग म्हणजे ६ ते १२ केईव्हीची मोजणी भागिले ३ ते ६ केईव्हीची मोजणी, हे गुणोत्तर वेळेनुसार काढा, उताराबरोबर ते खाली आलं की पृष्ठभाग निवतोय.

थंड होणं का महत्त्वाचं? कारण दुसऱ्या प्रकारचे, टाइप-२ बर्स्टही असतात, रॅपिड बर्स्टर नावाच्या स्रोतावर ते सापडले, तिथे अणुज्वलन नाही, वायूच अडखळत अडखळत एकदम कोसळतो, आणि त्यात असा निवण्याचा माग दिसत नाही.

पाचवी पायरी: सेकंदा-सेकंदाचा स्पेक्ट्रम

इथे वेळ द्या, सगळी मजा इथे आहे. बर्स्टच्या आधीच्या साधारण १०० सेकंदांचा स्पेक्ट्रम घ्या आणि तो बॅकग्राउंड म्हणून द्या, म्हणजे स्रोताचा नेहमीचा उजेड वजा होईल. मग बर्स्टचे तुकडे करा, टोकाजवळ पाव-पाव सेकंदाचे, उतारात एक-दोन सेकंदांचे, प्रत्येक तुकड्यात निदान हजारभर फोटॉन येतील असे. एक्सस्पेकमध्ये टीबी-अ‍ॅब्स गुणिले बीबॉडी-रॅड हे मॉडेल, म्हणजे वाटेतल्या वायूचं शोषण आणि तापलेल्या गोळ्याचा उजेड, शोषणाचा आकडा आधीच्या कामातून घेऊन गोठवा, फक्त तापमान आणि नॉर्म मोकळे ठेवा.

तापमान टोकाला साधारण २ ते ३ केईव्ही येतं. १ केईव्ही म्हणजे १.१६ कोटी केल्विन, तेव्हा २.५ केईव्ही म्हणजे जवळपास २.९ कोटी. नॉर्म म्हणजे किलोमीटरमधल्या त्रिज्येचा वर्ग भागिले अंतराचा वर्ग, अंतर १० किलोपार्सेकच्या पटीत (१ किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं). समजा नॉर्म १०० आला आणि अंतर ६ किलोपार्सेक धरलं, तर त्रिज्या १० गुणिले ०.६, म्हणजे ६ किलोमीटर. घाबरू नका, न्यूट्रॉन तारा एवढा लहान नाही. ताऱ्याचं वातावरण प्रकाशाला खऱ्यापेक्षा जास्त गरम दाखवतं, रंगाचा हा दुरुस्तीचा गुणक साधारण १.४ घेतला तर त्याच्या वर्गाने गुणायचं, ६ गुणिले १.९६ म्हणजे ११.८ किलोमीटर. आणि हीसुद्धा लांबून दिसणारी त्रिज्या आहे, गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकतो त्याचा हिशोब अजून व्हायचाय. पण मुलुंडच्या टेबलावर बसून हजारो प्रकाशवर्षं दूरच्या गोळ्याचा आकार काढणं, हे पहिल्यांदा जमलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

आता तापमान आणि त्रिज्या वेळेपुढे मांडा. काही बर्स्टमध्ये त्रिज्या मधेच फुगते आणि नेमकी तेव्हाच तापमान खाली जातं, मग त्रिज्या आवळते आणि तापमान परत टोकाला जातं. हा फोटोस्फिअर, म्हणजे ताऱ्याचा दिसणारा वरचा थर, फुगल्याचा बर्स्ट, प्रकाशाचा दाब इतका की वरचा थर उचलला जातो. याचा फायदा मोठा, कारण त्या वेळची तेजस्विता एडिंग्टन मर्यादेला, म्हणजे प्रकाशाचा दाब गुरुत्वाकर्षणाच्या बरोबरीला येतो त्या पातळीला, साधारण ३.८ गुणिले १० चा ३८ वा घात अर्ग प्रति सेकंदाला टेकलेली असते. समजा टोकाचा फ्लक्स (दर सेकंदाला दर चौरस सेंटीमीटरवर पोचणारी ऊर्जा, अर्गमध्ये) ७ गुणिले १० चा उणे ८ वा घात आला, तर अंतर ६.७ किलोपार्सेकच्या आसपास, म्हणजे सुमारे २२ हजार प्रकाशवर्षं. थरात हायड्रोजन भरपूर असेल तर मर्यादाच खाली येते आणि अंतर कमी निघतं, तेव्हा कुठली मर्यादा धरली ते वहीत लिहा.

एक सावधगिरी. आधीचा उजेड तसाच्या तसा वजा करणं हे सोयीचं आहे, पूर्ण खरं नाही. बर्स्टचा प्रकाश वायूच्या चकतीवर पडतो आणि वायूचं पडणंच काही सेकंद वाढतं, त्यामुळे तो भाग एका मोकळ्या गुणकाने गुणून परत बसवा, तेजस्वी बर्स्टमध्ये तो गुणक १ च्या बराच वर जातो.

सहावी पायरी: अल्फा काढणं

दोन बर्स्टमधल्या काळात पडणाऱ्या वायूने दिलेली ऊर्जा भागिले बर्स्टची ऊर्जा, हा अल्फा. वायू नुसता पडला तरी प्रत्येक न्यूक्लिऑनमागे (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) सुमारे २०० एमईव्ही (१ एमईव्ही म्हणजे १००० केईव्ही) देतो, अणुज्वलन देतं फार तर ५ एमईव्हीच्या आसपास, म्हणून अल्फा ४० च्या आसपास किंवा त्याच्या वर यायला हवा. उदाहरण करून बघू: आधीचा फ्लक्स २ गुणिले १० चा उणे ९ वा घात, मधला काळ ४ तास म्हणजे १४,४०० सेकंद, गुणाकार २.८८ गुणिले १० चा उणे ५ वा घात. बर्स्टचा फ्लुएन्स, म्हणजे सगळ्या काळात मिळून पोचलेली ऊर्जा, ३.६ गुणिले १० चा उणे ७ वा घात. भागाकार ८०. हायड्रोजन भरपूर असेल तर ४० कडे, शुद्ध हेलियम असेल तर शंभरीच्या वर. पण अ‍ॅस्ट्रोसॅट सुमारे ९८ मिनिटांत एक फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत पृथ्वी आडवी येते, त्या खिडकीत एखादा बर्स्ट हुकला असेल तर तुमचे ४ तास खरे २ तासही असू शकतात.

सातवी पायरी: स्पिन (ताऱ्याची गिरकी) शोधणं

आधी बॅरीसेंटर दुरुस्ती करा, म्हणजे उपग्रहाच्या वेळा सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावरच्या वेळांत बदला. मग १/४०९६ सेकंदाच्या बिनने बर्स्टचा १ सेकंदाचा तुकडा घ्या, पॉवर स्पेक्ट्रम (कुठल्या वारंवारतेला किती जोर आहे त्याचा आलेख) काढा, लीही नॉर्मलायझेशनमध्ये, तिथे नुसत्या नॉइजची सरासरी २ येते. पॉवर ३० आली तर ती योगायोगाने येण्याची शक्यता सुमारे ३ गुणिले १० चा उणे ७ वा घात, ऐकायला भारी, पण तुम्ही २००० वारंवारता तपासल्या असतील तर ती २००० ने गुणा, आणि खिडकी सरकवत पन्नास वेळा बघितलं असेल तर अजून ५० ने, म्हणजे ३ टक्के, त्यात काही अर्थ नाही. हा गुणाकार लोक विसरतात. १९९६ मध्ये आरएक्सटीईच्या डेटात ४यू १७२८-३४ वर ३६३ हर्ट्झचं दोलन असं सापडलं होतं, आणि २००३ मध्ये सॅक्स जे१८०८.४-३६५८ या पल्सारवर (फिरताना ठरावीक ठेका देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यावर) दाखवलं गेलं की दोलनाची वारंवारता म्हणजे ताऱ्याचा स्पिनच, ४०१ हर्ट्झ.

आता वेगळे बर्स्ट

एवढं हाताखालून गेलं की मग वेगळेपण आपोआप खुपायला लागतं. मी कशाकशाकडे बघतो ते सांगतो.

फार लवकर आलेला दुसरा बर्स्ट. ४ तासांनी बर्स्ट देणाऱ्या स्रोताने १० मिनिटांत परत दिला, तर त्या १० मिनिटांत नवीन इंधन साठलं फक्त चोविसावा भाग, मग पेटलं काय? पहिल्या वेळी न जळलेलं उरलेलं इंधन, दुसरं उत्तर सुचत नाही. ईएक्सओ ०७४८-६७६ वर असे तीन-तीन सलग दिसलेत, ४यू १६३६-५३६ वर चारही, आणि आपल्या लॅक्सपीसीनेही याच स्रोतावर तिघांची रांग पकडलीय. असा पाठोपाठचा बर्स्ट बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा फिका असतो, म्हणून पहिला दिसला की पुढचा अर्धा तास डोळ्यात तेल घालून बघा.

दोन टोकं असलेला. फक्त जास्त ऊर्जेत दोन टोकं दिसत असतील तर तो फुगण्याचाच परिणाम, पण एकूण फ्लक्समध्येही दोन टोकं असतील आणि त्रिज्या फुगलेली नसेल तर तो वेगळा. टीआयएफआरचे सुदीप भट्टाचार्य आणि नासाचे टॉड स्ट्रोमायर यांनी २००६ मध्ये यावर मांडलं की ज्वाळा ध्रुवाजवळ सुरू होऊन विषुववृत्ताकडे येताना मधे अडते. ऑगस्ट २०१९ मध्ये नायसरने सॅक्स जे१८०८ वर जो प्रचंड बर्स्ट पाहिला, सूर्य जवळपास १० दिवसांत देतो तेवढी ऊर्जा २० सेकंदांत, त्यातही चढणीत एक छोटा थांबा होता, आधी हायड्रोजनचा थर उडाला आणि मग हेलियमचा, असा त्याचा अर्थ लावतात.

तासन्‌तास चालणारा. सुपरबर्स्ट, बेप्पोसॅक्स उपग्रहाने ४यू १७३५-४४ वर पाहिलेला, २००० मध्ये प्रसिद्ध झाला. ऊर्जा हजारपट, इंधन खोलवर साठलेला कार्बन. त्यानंतर काही आठवडे साधे बर्स्ट बंद होतात, तेव्हा नेहमीचा स्रोत अचानक गप्प दिसला तर आधीच्या दिवसांचे लाइट कर्व्ह तपासा.

आणि माझा सगळ्यात आवडता, टर्झन ५ या तारकागुच्छातला आयजीआर जे१७४८०-२४४६, ऑक्टोबर २०१० मध्ये उजळलेला. हा तारा सेकंदाला फक्त ११ वेळा फिरतो, या जातीत अगदीच संथ. बर्स्ट यायला लागले, पण बऱ्याच बर्स्टमध्ये थंड होणंच दिसेना, चौथ्या पायरीतली कसोटीच नापास, त्यामुळे हे टाइप-२ असावेत अशी शंका आली. मग वायूचा ओघ वाढत गेला तसे बर्स्ट जवळ-जवळ आणि फिके-फिके होत गेले, शेवटी वेगळे बर्स्ट उरलेच नाहीत, दर चार-सहा मिनिटांनी एक मऊ लाट. ओघ उतरल्यावर लाटा परत बर्स्ट झाल्या. अल्फा काढला तर तो अणुज्वलनाशी जुळला, टीआयएफआरमधूनही त्या काळात हे थर्मोन्यूक्लियरच आहेत असं दाखवणारं काम आलं. आता ते दूध आठवा. आच बेताची असताना ते दर थोड्या वेळाने उतू जातं, फार मोठी आच असली तर सतत उकळत राहतं, आणि नेमकी मधली आच लागली तर वर येतं, बसतं, परत वर येतं. सगळ्या अवस्था एकाच ताऱ्याने काही आठवड्यांत दाखवल्या. आरएक्सटीईचा तो सगळा डेटा खुला आहे, दिवसांच्या क्रमाने एकेक लाइट कर्व्ह उघडत जा, एका रविवारचं काम आहे.

तुम्हाला काही विचित्र सापडलं तर लगेच कुणाला सांगू नका. मिनबारमध्ये ती वेळ शोधा, एडीएस या शोधनिबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर स्रोताचं नाव टाकून त्या तारखेचं निरीक्षण कुणी वापरलंय का बघा, मग दुसऱ्या उपकरणाचा त्याच वेळचा डेटा आहे का ते बघा. वहीत निरीक्षणाचा क्रमांक, बॅरीसेंटर दुरुस्तीनंतरची सुरुवातीची वेळ, बिन, बॅकग्राउंडचे सेकंद कुठून कुठपर्यंत आणि धरलेलं अंतर, एवढं लिहून ठेवा, आणि दोन दिवसांनी आधीची स्क्रिप्ट न वापरता तेच आकडे परत काढा. जुळले की मग टीआयएफआर किंवा आयुकातल्या या विषयावर काम करणाऱ्या माणसाला एक ईमेल, सोबत एकच आलेख, वर लाइट कर्व्ह, खाली तापमान, त्याखाली त्रिज्या.